चित्र उडी मारतं

२ नोव्हेंबर, शनिवार

आज आमच्या फ्लाइंग क्लबाच्या मालकाने माझं उडणं बंद केलं. भर ऑफिसात, चहा देऊन. हा माणूस स्वतःहून चहा विचारतो तेव्हा समोरच्याचं काहीतरी काढून घ्यायचं असतं, हे मला आधीच कळायला हवं होतं.

झालं एवढंच की गेल्या आठवड्यात लांब्याने विमान आपटलं. लांब्या म्हणजे माझा विद्यार्थी. बँकेत साहेब आहे, पाय एवढे लांब की गुडघे विमान वळवायच्या स्टिकला लागतात. उतरताना जमीन जवळ आली की विमानाचं नाक हळूच उचलायचं असतं. त्याने उचललं नाही. चाकं धाडकन आदळली आणि पुढचं चाक वाकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शिकाऊ माणसं विमान आपटणारच, त्यासाठी तर शेजारी मी बसलेली असते. पण हे इतकं झटकन झालं की मला हात घालायला वेळच मिळाला नाही. आत्ता आम्ही चांगले वर होतो, आणि आत्ता खाली. टायर जळल्याचा वास नाकात बसला तो बसलाच.

आणि हा गृहस्थ मालकाला जाऊन काय सांगतो? "मॅडम शेवटी काही बोलल्याच नाहीत. मी त्यांची वाट बघत होतो."

मी बोलले नाही! मी! अरे, माझा नियमच आहे, विमानात सगळं मोठ्याने बोलायचं. वेग बघितलास, बोल. उंची बघितलीस, बोल. गप्प बसलेला वैमानिक झोपलाय असं समजायचं, हे मी पहिल्याच दिवशी डोक्यात घालते. पोरं माझ्यामागे मला रेडिओ म्हणतात, तेही मला माहीत आहे. आणि म्हणे बोलल्या नाहीत.

महिनाअखेरीस बाहेरून परीक्षक येणार, माझ्याबरोबर उडणार आणि मग ठरवणार. तोपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. पास झाले नाही तर मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिशीला. मिशी म्हणजे आमचा दुसरा प्रशिक्षक, ज्याला वाऱ्यापेक्षा आरशाची काळजी जास्त.

खुर्ची गेली खड्ड्यात. पण मुलीचं काय? ती दहावीपासून थांबली आहे. "पहिला धडा आईकडूनच, नाहीतर शिकणारच नाही," असं सगळ्या मैत्रिणींना सांगून बसली आहे. वय आता कुठे पुरं झालं. मी तिला मिशीच्या हातात देणार नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

विमान नाही तर घरी सराव करीन. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ असतो, पण खेळ म्हणू नये इतका तो खरा असतो. साध्या पडद्यावर फक्त समोरचं दिसतं. उतरण्याआधी शेवटचं वळण घेताना धावपट्टी खांद्याच्या मागे असते, मान वळवून बघावी लागते. म्हणून डोळ्यांवर लावायचा तो हेडसेट आणला. मी त्याला डबा म्हणते. डबा घातला की आपण कॉकपिटमध्ये. मान वळवली की जग वळतं.

वळायला हवं होतं, असं लिहायला पाहिजे. आज मान वळवली तर जग आधी नाही म्हणालं, मग थरथरलं, मग धावत आलं. मी सरळ बेसिनकडे पळाले. इतकी वर्षं हवेत काढली, कधी मळमळलं नाही, आणि आज स्वतःच्या घरातल्या खुर्चीवर बसून ओकले.

नवरा म्हणाला, "धाकट्याला बोलावतो." झालं! नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो, घरी स्वतःचं उघडत नाही, आणि उघडलं की त्यातून हा धाकटा भाऊ बाहेर येतो.

माझ्या या दिराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाच्या मांडवातच त्याने मला विचारलं होतं, "वहिनी, विमानाला रिव्हर्स गिअर असतो का?" सगळे हसले. तेव्हापासून माझ्या नोकरीला तो आकाशातलं ड्रायव्हिंग स्कूल म्हणतो. आणि बोलतो कसा, तर आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा, हळू. मी त्याला शहाणा म्हणते. या वहीत. तोंडावर भावजी.

५ नोव्हेंबर, मंगळवार

शहाणा बॅग घेऊन आला. आल्या आल्या विचारतो, "वहिनी, सगळ्या सेटिंग एकदम वर कुणी नेल्या?"

मी नेल्या. चांगली वस्तू आणली तर ती चांगली दिसू नये?

मग व्याख्यान झालं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, ती सेकंदाला नव्वद वेळा. आपल्या मशीनला ते झेपत नाही. कधी ऐंशी देतं, शहरावर आलं की तिसावर येतं, आणि या वरखालीनेच डोकं फिरतं. "आपण त्याला पंचेचाळीसवर बांधून टाकू. मधली चित्रं ते अंदाजाने स्वतः भरेल. कमी चालेल, वहिनी, पण सारखं हवं."

"मधलं अंदाजाने भरायचं? विमानात असं करून बघा."

"डोळ्याला कळत नाही."

"माझ्या डोळ्याला कळेल."

हसला. मग त्याने ढग कमी केले, सावल्या काढल्या. मुलीचे सिनेमे त्याच मशीनवर मागे डाउनलोड होत होते, ते बंद केले. तिने घर डोक्यावर घेतलं. चला, निदान माझ्याखेरीज कुणाचा तरी त्याच्यावर राग निघाला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

खोटं कशाला लिहू, थरथर गेली. मान वळवली की जग लोण्यासारखं वळतं. शहाण्याला सांगितलं नाही. आधीच हवेत असतो.

पण नवीन भानगड सुरू झाली आहे. चित्र उडी मारतं. थरथरत नाही, अडखळत नाही, सरळ मधला तुकडाच गाळून टाकतं. आज शेवटच्या वळणावर होते, पट्टी डावीकडे खांद्याशी, उंची अगदी बरोबर, मी बोलतेय, "वेग पासष्ट, पंखांचे फ्लॅप पूर्ण खाली," आणि एकदम पट्टी नाकासमोर, विमान डावीकडे कललेलं, जमीन अंगावर! मधलं काहीच नाही. शिवाय उडीच्या आधी मशीनमधून रबर जळल्याचा वास येतो.

फोन करून झापलं. "भावजी, तुमची वायर जळतेय."

तासाभरात आला. मशीनचं झाकण उघडून कुत्र्यासारखा आत हुंगत बसला. "कसलाच वास नाही, वहिनी."

"सर्दी झाली असेल तुम्हाला."

संध्याकाळी दूध उतू गेलं. मी समोर उभी असताना! नवऱ्याने ही नवी शेगडी आणली तेव्हाच म्हटलं होतं, हिची आच फार भडक आहे. शेगडी पुसताना तो माझ्याकडे बघत होता. काही बोलेल तर शपथ.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज खेळातली झाडं काढून टाकली. शहाणा म्हणतो, लाखो झाडं रंगवताना मशीन दमतं. मग घरं काढली. मग रस्त्यावरच्या गाड्या. पट्टीच्या बाजूला एक तळं होतं, त्यातलं आभाळाचं प्रतिबिंब काढलं.

उडी आहेच.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज शहाण्याने पुरावा आणला. पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ ठेवली आहे. चित्र अडकलं की रेघ वर उसळते, सलग असलं की सपाट. मी उडवलं, उडी आली, मी ओरडले. तो म्हणाला, "रेघ सपाट आहे."

"मग रेघ बिघडली आहे."

मग स्वतः डबा घालून बसला. तीनदा उतरला, म्हणजे दोनदा तळ्यात गेला आणि एकदा पट्टीवर. उडी नाही म्हणे. मग मुलीला बसवलं. पोरगी झकास उतरली, मान्य. न शिकता! उडणं रक्तातच आहे तिच्या. "नाही गं आई, सगळं सलग होतं."

दोघांना दिसलं नाही म्हणजे नाहीच का? मी या कामात आयुष्य घालवलं आहे. माझ्या नजरेला जे सापडतं ते यांना सापडायला यांचा अर्धा जन्म जाईल. मी हे बोलून दाखवलं. शहाण्याने मान डोलावली, आणि त्या डोलावण्याने माझं डोकं जास्त फिरलं. भांडला असता तर बरं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानातलं दुसरं ग्राफिक कार्ड आणून बसवलं. वायर बदलली. उडी आली.

मी म्हटलं, "तुम्हाला मी पास व्हायला नकोच आहे."

"असं का म्हणता, वहिनी?"

"कारण मग तुम्हाला चेष्टेला विषय राहणार नाही."

त्याचा चेहरा पडला. पडू दे. पण निघताना दारात थांबून विचारतो, "उडी येते तेव्हा तुम्ही काय बोलत असता?" मी म्हटलं, जे बोलायचं तेच. वेग, उंची, सगळं. "शेवटपर्यंत?" म्हणाला. हो, शेवटपर्यंत! लांब्याने याच्या दुकानातून लॅपटॉप घेतला की काय, कुणास ठाऊक. दोघांची भाषा एकच.

१७ नोव्हेंबर, रविवार

लोकांना दम म्हणून राहिलेला नाही. मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडायला गाडी काढली. सिग्नलला थांबले तर मागचे सगळे एकदम भोंगे वाजवायला लागले. एकाने तर खिडकीतून मुंडी काढून माझी आई काढली. दिवा लालच होता! मीही खिडकीतून त्याला ऐकवलं, चांगलं दोन पिढ्यांचं.

मुलगी म्हणाली, "आई, हिरवा होऊन गेला."

"कधी?"

"मी तुला सांगत होते."

परत येताना मैत्रिणीच्या वडिलांबरोबर येते म्हणाली. आल्यावर गच्चीत जाऊन काकाशी फोनवर कुजबुज. हे काका-पुतणीचं गूळपीठ मला अजिबात आवडत नाही. या वयात मुली बापाच्या नाहीतर काकाच्या होतात, आईच्या राहत नाहीत.

२० नोव्हेंबर, बुधवार

अजून राग उतरलेला नाही, तरी लिहिते.

शहाणा दुपारी आला. सुट्टीचा दिवस नाही, दुकान बंद करून आला. म्हणाला, "तुम्ही उडवा, मी नुसता बसतो." डब्यात मला जे दिसतं तेच समोरच्या पडद्यावरही दिसतं, तो तिकडे बघत बसला. मी उडाले. बोलत होते. वास आला. "तुमची वायर!" मी म्हटलं. आणि मग उडी. पट्टी निघून गेली होती, विमान शेतात, पंख मोडलेला. मी डबा काढून टेबलावर आपटला.

"बघितलंत? आता तरी बघितलंत?"

तो माझ्या शेजारी उभा होता. खुर्चीत होता तो उभा कधी राहिला, मला कळलं नाही. त्याचा हात माझ्या मनगटावर होता. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, चित्र थांबलं नाही."

"मग?"

"विमान चाललं होतं. मी बघत होतो. तुम्ही थांबलात. बोलता बोलता. मी हाक मारली, हात धरला, तुम्ही डोळे उघडे ठेवून... ओठ नुसते हलत होते."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, चित्र अडकलं की माणूस बोलायचा थांबणारच, एवढी अक्कल नाही तुम्हाला?

"अडकलं नव्हतं. हे पहिल्यांदा नाही. आपल्या पोरीने गाडीत बघितलं. दादाने शेगडीपाशी बघितलं."

म्हणजे नवऱ्यालाही माहीत होतं! भिंतीसारखा गप्प बसला आणि भावापाशी मात्र वाचा फुटली. माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे, माझ्याच डोक्याचा पंचनामा.

"तुम्ही मेंदूच्या डॉक्टरकडे चला," शहाणा म्हणाला. "मी घेऊन जातो. परीक्षकाच्या आधी."

डॉक्टरने एक शब्द कागदावर लिहिला की माझं उडणं संपलं, हे याला कळत नसेल? सगळं कळतं याला! मी विचारलं, "मालकाला सांगणार आहात?"

"नाही. तुम्हीच सांगाल."

निघा, म्हटलं. आधी इथून निघा. बॅग विसरला तर ती मी दाराबाहेर फेकली. आतलं काय फुटलं असेल ते फुटलं असेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नवऱ्याशी बोलत नाही. त्याला फरक कळायला दोन दिवस लागतील.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शहाण्याचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून आज मीच युक्ती काढली. मुलीला शेजारी बसवलं. म्हटलं, शेवटच्या वळणापासून आपण दोघींनी मोठ्याने आकडे म्हणायचे, एक, दोन, तीन, शाळेत म्हणतात तसे, एका सुरात. कुणी थांबायचं नाही. चित्राने उडी मारली तरी माझे आकडे चालू राहिले की काकाचं तोंड बंद.

ती नको म्हणत होती. मी दटावलं. जगात आता काहीच उरलेलं नाही. ढग नाहीत, झाडं नाहीत, घरं नाहीत. राखाडी जमीन आणि तिच्यावर एक पट्टी. अडकायला मशीनला काही ठेवलंच नाही. पहिल्या दोन वेळा आमचे आकडे बरोबर जुळले, पट्टीवर सुंदर टेकले. बघ, मी म्हटलं. तिसऱ्यांदा मी पट्टीच्या पुढे घसरले होते, आणि मी "सव्वीस" म्हणत होते तेव्हा ती "चौतीस" म्हणत होती.

"घाई करतेस तू," मी म्हटलं. "लहानपणापासून तुला घाई."

ती रडत होती, पण आकडे म्हणायची थांबली नव्हती. "पस्तीस, छत्तीस," अशी पुढे म्हणतच राहिली, मी डबा काढून तिच्याकडे बघितलं तरी.

आकडे पळवले तिने. दुसरं काय असणार? काकाने पढवलं असेल.

मशीन बंद केलं. वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवली. परीक्षेला अजून दिवस आहेत, पण आता सराव पुरे झाला. हात तयार आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

क्लबात पायी गेले. गाडी नेली नाही. हवा चांगली होती म्हणून. लांब पडतं खरं, पण चालणं बरं असतं.

मिशी भेटला. "मॅडम, तयारी कशी काय?" असं दात काढून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या मिशीपेक्षा बरी. तिथे लांब्याही होता, कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काय करायचं ते माहीत होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने चहा केला. स्वतःहून! माझ्यासमोर कप ठेवून म्हणाला, "मला तुझी भीती वाटते गं. तुझी म्हणजे, तुझ्यासाठी." इतकं बोलून दवाखान्यात निघून गेला. चहा घेतला मी. थंड झाला होता, तरी घेतला.

रोज थोडंच होतं काही? मला काही होतं असं मी म्हणतच नाही. पण समजा होत असेल, तर आठवड्यात एखाद्या वेळी, चार-सहा सेकंद. परीक्षा तासाभराची. परीक्षकाकडे त्याची स्वतःची स्टिक असते. त्याला काही धोका नाही. हे मी नुसतं लिहून ठेवतेय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पास झाले. आणि परवान्याचा कागद परत केला. मालक म्हणाला, "मॅडम, डोकं फिरलंय का तुमचं?" मी म्हटलं, हो, बहुतेक तेच. डॉक्टर बघणार आहेत उद्या. लांब्या खरं बोलत होता तेही सांगितलं. शहाण्याला फोन केला, "उद्या गाडी घेऊन या." तो "येतो" म्हणाला, बस्स. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने व्याख्यान दिलं नाही, आणि नेमकं तेव्हाच मला वाटलं, बोल की रे बाबा काहीतरी.

आता कसं झालं ते लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

परीक्षकाबरोबर उडाले ते असं उडाले, की खाली सगळे बघत राहिले असतील. एक शब्द चुकला नाही. तीनही वेळा चाकं अशी टेकली की कळलं नाही. तो म्हातारा खडूस, कुणाला चांगलं न म्हणणारा, उतरल्यावर म्हणाला, "तुमच्याकडून शिकणारे नशीबवान." कागदावर सही केली. मालकाने हात पुढे केला, मिशीने तोंड वाकडं केलं. मी जिंकले होते. त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकले होते, आणि मला ते हवंच होतं, अगदी सूड घेतल्यासारखं.

आणि मुलगी आली. कॉलेजातून थेट. केस घट्ट बांधलेले, डोळ्याला गॉगल, माझाच जुना. "आता माझा धडा," म्हणाली.

ठरलंच होतं तसं. पास झाले की लगेच पहिला धडा. मालक म्हणाला, "जा की, हवा मस्त आहे." मी नाही कसं म्हणणार? सगळे बघत होते. आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंच नव्हतं. मला तिला वर न्यायचं होतं. तिच्या जन्मापासून न्यायचं होतं.

डावीकडे ती बसली, उजवीकडे मी. पट्टे बांधले. ती न सांगता मोठ्याने बोलायला लागली. इंधन, दार, ब्रेक. सगळं पाठ करून आली होती. शेवटी तिने चावीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. माझ्याकडे वळली.

"आई, माझं काही चुकलं तर तू आहेसच ना?"

पहिल्या धड्याला प्रत्येक जण हेच विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे, आजवर शेकडो लोकांना दिलंय. मी आहे, तू बिनधास्त चालव. मी तोंड उघडलं. ते वाक्य बाहेर येईना. कसलीही उडी नव्हती, काही गळालं नव्हतं. सगळं लख्ख दिसत होतं. तिच्या ओठावरचा घाम, चावीवरची तिची बोटं, गॉगलच्या काचेत माझं तोंड.

"नाही," मी म्हटलं.

ती वाट बघत होती.

"मी असेनच असं नाही. तू हाक मारशील आणि मी शेजारी बसून ऐकणार नाही. थोडाच वेळ. पण उतरताना तेवढा वेळ नसतो, बाळा."

तिने चावी काढून माझ्या हातात दिली. मग वाकून आधी माझा पट्टा सोडला, नंतर स्वतःचा.

"काका म्हणाला होता, विमानात बसूच नकोस," ती म्हणाली. "मी म्हटलं, आई स्वतः सांगेल."

"आणि मी सांगितलं नसतं तर?"

"तर गेले असते तुझ्याबरोबर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात उचलला मी तिच्यावर. एवढी अठरा वर्षांची घोडी, स्वतःचा जीव असा उचलून दुसऱ्याच्या हातात देते? कुणी शिकवलं हिला हे? उचललेला हात तिच्या मानेमागे गेला आणि मी तिला इतकं आवळून धरलं की तिचा गॉगल मोडला. मी हमसून हमसून रडले, सगळ्या क्लबासमोर, आणि ती माझ्या कानाशी हळूच एकेक सांगत राहिली की बाहेर कोण कोण बघतंय.